पेडगावचे तीन पाठ : म्हण, किल्ला आणि देऊळ

१

श्रीगोंदा तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचे दुकान मी गेली तीस वर्षे चालवतो. जळालेली मोटार उघडली की पहिल्या दोन मिनिटांत कळते, ती कशाने जळाली. एक फेज गेलेला असताना चालवली, की विहिरीत पाणी नसताना कोरडी फिरवली, हे तांब्याची तार सांगते. आणणारा मात्र बहुधा म्हणतो, "काय झालं कुणास ठाऊक, आपोआप बंद पडली." मागच्या उन्हाळ्यात असाच एक शेतकरी आला. माझ्या हाताखालचा पोरगा हळूच म्हणाला, "वेड पांघरून पेडगावला निघालेत." त्या माणसाने ते ऐकले आणि मोठ्याने हसला. "अरे, मी पेडगावचाच आहे. मला कुठं जायला लागतंय?"

त्या हसण्याने मला जुनी चूक आठवली. वीसेक वर्षांपूर्वी एका स्थानिक अंकात मी छातीठोकपणे लिहिले होते की, ही म्हण १६७४ सालच्या मराठ्यांच्या छाप्यातून जन्मली. लोकांना ते आवडले. पुढे शाळांच्या सहली किल्ल्यावर नेताना मीही तेच सांगत राहिलो. अशाच एका सहलीत सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, बहादूरखानाने हे देऊळ कशाला बांधलं?" मी म्हणालो, "त्याने नाही बांधलं, ते आधीचं आहे." तिचा पुढचा प्रश्न सरळ होता. "मग आधी इथं काय होतं?" मी घड्याळ पाहिले आणि मुलांना पुढे नेले.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. पेडगावबद्दल आपण जे वाचत आणि सांगत आलो आहोत, त्याची ही तपासणी आहे. त्यात माझेही लिखाण आले.

२

आधी म्हणीचे पाहू. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' म्हणजे कळत असून न कळल्याचा आव आणणे. 'पेडगावचा शहाणा' म्हणजे स्वतःला शहाणा समजणारा मूर्ख. राजा परांजपे यांच्या १९५२ सालच्या 'पेडगावचे शहाणे' या चित्रपटाने हे गाव पाहिले नसलेल्यांच्याही तोंडी ते नाव बसवले.

आता घटना. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने, जुलैच्या मध्यास, मराठ्यांच्या सुमारे दोन हजार स्वारांनी पेडगावच्या मोगल छावणीला हूल दिली. सुभेदार बहादूरखान त्यांच्या पाठलागावर दूरवर, जदुनाथ सरकारांच्या हिशेबाने सुमारे पन्नास मैल, गेला. मागे सात हजारांची दुसरी तुकडी वेगळ्या वाटेने छावणीवर आली. एक कोट रुपयांचा ऐवज आणि बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले दोनशे उत्तम घोडे तिने नेले आणि तंबू जाळले.

घटना पक्की आहे. पण म्हण तिच्यातूनच निघाली, हे म्हणताना आपण काय करतो? छाप्यात मराठ्यांनी वेडाचे सोंग घेतले नव्हते, पळाल्याचे सोंग घेतले होते. हूल देणे ही गनिमी काव्यातली ठरलेली चाल आहे. तिला वेड म्हणत नाहीत. मग 'वेड पांघरणे' मराठ्यांना लावायचे आणि 'शहाणा' बहादूरखानाला. एका घटनेतून दोन म्हणी, दोन्ही बाजूंना एकेक, इतकी नेटकी वाटणी झाली की मला शंका येते. तोंडी परंपरा एवढी हिशेबी नसते. उलट 'वेड' आणि 'पेड' यांचे यमक इतके उघड आहे की म्हण तयार व्हायला तेवढे पुरेसे ठरावे. आपल्या कितीतरी म्हणींमध्ये गाव येते ते इतिहासासाठी नव्हे, नादासाठी. यमकाने गाव निवडले आणि गावाला नंतर गोष्ट मिळाली, हा क्रम मला जास्त संभवनीय वाटतो.

म्हणीचे मूळ घटनेत दाखवण्याचा मोह का होतो, हेही पाहिले पाहिजे. त्याने गावाला मान मिळतो. चेष्टेतले नाव पराक्रमाच्या गोष्टीत जाऊन बसते. माझाही हेतू तोच होता. पण त्याचा तोटा असा झाला की, पेडगाव म्हणजे जुलै १६७४ मधला एक दिवस, एवढेच उरले. ज्या दिवशी पेडगावात लुटण्याजोगे काही होते तो दिवस लक्षात राहिला. ते तिथे का होते, हा प्रश्न मागे पडला.

३

पेडगावचा किल्ला भुईकोट आहे. भीमेच्या उत्तर काठावर, अगदी नदीला लागून. पलीकडे पुणे जिल्हा. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात, खान जहान म्हणजेच बहादूरखान कोकलताश याने १६७२ च्या सुमारास पेडगावला छावणी केली, तिथे किल्ला बांधला आणि त्याला बहादूरगड नाव दिले, असे सांगितले आहे. बहादूरखान हा औरंगजेबाचा दूधभाऊ. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे पेडगाव हे मोगलांचे दक्षिण सरहद्दीवरचे मोठे ठाणे राहिले.

'छावणी' या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे. आज आपण तो कोणत्याही लष्करी तळाला वापरतो. मराठी कागदपत्रांत छावणी म्हणजे मुख्यतः पावसाळ्यातला मुक्काम. दसऱ्याला फौजा बाहेर पडत, मृगाच्या आसपास परतत आणि छावणी करून राहत. चिखलात तोफ चालत नाही, नद्या उतरू देत नाहीत. म्हणून जुलैमधला छापा हा नुसता धाडसाचा नव्हता. ज्या ऋतूत कोणी हलत नाही अशी समजूत होती, तो ऋतू मराठ्यांनी निवडला. इतिहासकार आकडे देतात, दोन हजार आणि सात हजार. पाऊस कोणी मोजत नाही.

पाण्याचे तसेच. नदीकडच्या तटाला लागून पाणी वर उचलण्यासाठी केलेल्या उंच बांधकामाचे अवशेष आहेत. गावात त्याला हत्तीमोट म्हणतात. भीमेचे पाणी वर घ्यायचे आणि नळाने आत खेळवायचे, अशी ती योजना. सहलीला आलेली मुले इथे हटकून 'हत्ती' या शब्दावर रमतात. मोठी माणसेही 'मोगलांची ऐट' म्हणून पुढे जातात.

मी धंद्याने पाणी उचलणाऱ्यांपैकी आहे, म्हणून मला तिथे ऐट दिसत नाही. हिशेब दिसतो. घोडा दिवसाला तीस ते चाळीस लिटर पाणी पितो. लुटीत गेलेले घोडे दोनशे. तेवढेच धरले तरी रोजचे सहा ते आठ हजार लिटर, म्हणजे सहा ते आठ टन पाणी. त्यात फौजेचे बाकीचे घोडे, बैल, उंट, हत्ती, माणसे आणि बाजार मिळवा. पावसाळ्यात नदी तटाशी येते, पण उन्हाळ्यात ती पात्रात खोल जाते आणि उचल वाढते. शेतकरी आज जेव्हा विचारतो की तीनची मोटार बसवू की पाचची, तेव्हा मी आधी पाण्याची खोली विचारतो. इथे कारागिराने तोच प्रश्न विचारला असणार. बैलाच्या मोटेने भागत नाही तेव्हा हत्ती जुंपावा लागतो. मोठ्या जनावराची मोट ही मोठ्या तहानेची खूण आहे.

लढायांच्या इतिहासात हे बसत नाही, म्हणून ते 'अवशेष' या सदरात जाते. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरची मला फार मदत झाली. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचले आहे. पण गॅझेटियरचा स्वभाव यादीचा. किल्ला, देवळे, बाजार, लोकसंख्या सगळे एकामागून एक येते. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे वाचणाऱ्याने जुळवायचे. आपण जुळवले नाही. यादीच पुन्हा पुन्हा उतरवत राहिलो.

४

पेडगावचा दुसरा लक्षात राहिलेला प्रसंग फेब्रुवारी १६८९ चा. संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबाच्या छावणीत आणले, ती छावणी बहादूरगडाला होती. तिथे त्यांची विटंबना झाली. पुढे बादशाही मुक्काम हलला आणि ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येला, तुळापूर-वढूच्या परिसरात त्यांची हत्या झाली. तुळापूरही भीमेच्याच काठी, पेडगावच्या वरच्या अंगाला. कैदी नदीच्या उलट दिशेने गेले. आपण ज्या काठावर उभे राहून हे ऐकतो, तिथे येणारे पाणी तिकडून येते. इथे आलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या प्रसंगाची मुख्य समकालीन कथा मोगल बाजूची आहे. साकी मुस्तैदखानाचे 'मआसिर-इ-आलमगिरी' हे दरबारी लेखन. खाफीखान नंतरचा. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली नसती, तर माझ्यासारख्या फारसी न शिकलेल्या माणसाला यातले काहीच तपासता आले नसते. ही साधने वाचताना एक ध्यानात ठेवावे लागते. विटंबनेचे वर्णन करणारा विजेत्याच्या बाजूचा आहे, आणि त्याच्या दृष्टीने ते वर्णन अभिमानाचे आहे. आपण तेच वर्णन घेतो आणि दुःखाने सांगतो. भाव बदलतो, पण तपशील त्याचेच राहतात. कोणता तपशील घटनेचा आणि कोणता दरबाराला खूश करण्यासाठीचा, हे न विचारता सांगितले तर आपण नकळत त्याच दरबाराचे निवेदक होतो.

आणखी एक प्रसंग सहलींत सांगितला जात नाही. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले, ते पेडगावकडेच गेले, असे सरकारांनी लिहिले आहे. वर्षभराने ते परत आले, पुढे छत्रपती झाले आणि नऊ वर्षे बादशहाशी लढले. पहिल्यांदा ज्या ठाण्याकडे ते स्वतः गेले, तिथेच दहा वर्षांनी त्यांना बांधून आणले. हे सांगितल्याने त्यांचा मान कमी होतो, असे काही मित्रांना वाटते. मला उलटे वाटते. मोगलांच्या आश्रयाची वाट ज्याला ठाऊक होती आणि जो त्या वाटेने पुन्हा गेला नाही, त्याचे शेवटचे दिवस अधिक कठीण आणि अधिक मोठे दिसतात.

या किल्ल्याला आता धर्मवीरगड म्हणतात. त्यामागची भावना खरी आहे आणि ती मला परकी नाही. माझे म्हणणे एवढेच की, नाव बदलल्याने वाचन पूर्ण होत नाही. बहादूरगड म्हटले की १६७२ आठवते, धर्मवीरगड म्हटले की १६८९. सतरा वर्षांच्या आतबाहेरच आपण फिरतो. आणि त्या मुलीने विचारले होते, "आधी काय होतं?"

५

तटाच्या आत देवळे आहेत. भैरवनाथाचे देऊळ गावाचे, नांदते. मल्लिकार्जुन, रामेश्वर आणि इतर जुनी देवळेही आहेत. पण सगळ्यांत देखणे आहे ते नदीच्या बाजूचे लक्ष्मी-नारायणाचे.

हेन्री कझिन्सच्या दख्खनमधील मध्ययुगीन देवळांवरच्या १९३१ सालच्या ग्रंथात सिन्नरच्या गोंदेश्वराबरोबर आणि अंबरनाथबरोबर पेडगावच्या या लहानशा देवळाला जागा मिळाली आहे. आकाराने ते गोंदेश्वराच्या जवळपासही नाही. शिखर राहिलेले नाही. तरी भिंतीजवळ गेल्यावर पाय थांबतात. भिंत सरळ नाही. कोन एकापाठोपाठ पुढे येतात, मागे जातात. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी उन्हाची रेघ प्रत्येक कोनावर वेगळी पडते. खालचे थर एकावर एक चढत येतात, त्यांच्यावर मूर्तींची रांग. मंडपाच्या खांबांवर एक बोटभर जागाही घडवणाऱ्याने सोडलेली नाही. वाइंडिंग करताना तारेचा एक वेढा दुसऱ्यावर चढला की मोटार जळते. त्यामुळे ओळीने, न चुकता केलेल्या हाताच्या कामाची किंमत मला थोडीफार कळते.

आपल्याकडे अशा देवळाला 'हेमाडपंती' म्हटले की विषय संपतो. हेमाद्री हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ज्यांना त्याचे नाव लागले आहे अशी कितीतरी देवळे त्याच्या आधीची आहेत. चुन्याशिवाय दगड सांधण्याची पद्धत त्याने शोधली नाही. पण एक शब्द मिळाला की पाहणे थांबते. म्हणीने गावाचे जे केले, तेच या शब्दाने देवळाचे केले.

कझिन्सची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याने देऊळ नीट पाहिले, पण देऊळ म्हणूनच पाहिले. आराखडा, थर, खांब. त्या भोवतीचा तट त्याचा विषय नव्हता. सरकारांचा विषय मोहिमा, देऊळ त्यांचा विषय नव्हता. आणि आम्ही गावोगावचे हौशी लोक दोघांच्या पुस्तकांतून उतारे काढून 'किल्ल्यातले देऊळ' असे लिहितो. या 'तले'मध्येच घोटाळा आहे. मुलीचा प्रश्न तिथूनच आला. किल्ल्यातले देऊळ म्हटल्यावर किल्ला आधी आणि देऊळ नंतर, असेच कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात देऊळ यादवकाळाच्या घडणीचे. किल्ला १६७२ नंतरचा. मध्ये साडेतीनशे-चारशे वर्षे. तेवढ्यात देवगिरी गेली, बहमनी आली, १४९० मध्ये निजामशाही उभी राहिली, १६३६ मध्ये संपली. एवढ्या काळात या काठावर एकाहून अधिक दगडी देवळे उभी होती, याचा अर्थ इथे वस्ती होती. नुसती वस्ती नव्हे, देवळाला इनाम देऊ शकेल, पाथरवट वर्षानुवर्षे पोसू शकेल एवढी ऐपत असलेली वस्ती. नदी होती, काठ होता, शेती होती. पुढे पंढरपूरला जाणारी हीच भीमा. इथे नारायणाचे देऊळ असणे त्या नदीच्या स्वभावाला धरून आहे.

म्हणजे बहादूरखानाने माळरान निवडले नव्हते. सेनापती पाणी, धान्य, बाजार आणि वाटा पाहून जागा ठरवतो, आणि या चारही गोष्टी इथे आधी असल्याची साक्ष देवळे देतात. त्याने किल्ला 'वसवला' हे म्हणणे अर्धे खरे आहे. त्याने चालत्या गावाला तट घातला. तट घातल्यावर गाव किल्ल्यात राहायला आले, असे आपण म्हणू लागलो.

देवळाचे शिखर नाही, हे पाहून सहलीतले शिक्षक माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने बघतात. त्यांना हवे असलेले वाक्य मी पूर्वी देत असे. आता देत नाही. पडलेला दगड स्वतःहून सांगत नाही की तो कोणाच्या हाताने पडला, विजेने, पुराने की पिंपळाच्या मुळाने. उभा दगड मात्र एक गोष्ट नक्की सांगतो. चाळीस वर्षे मोगलांची छावणी याच तटात होती, खुद्द औरंगजेबाचा मुक्काम इथे पडला, आणि या भिंती त्यातून पार होऊन आपल्यापर्यंत आल्या. हे वाक्य सांगायला अवघड जाते, कारण त्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. पण ते दगडावर टिकते.

६

शाळेत असताना रशियन पुस्तकांची फिरती गाडी तालुक्याला यायची. दोन-तीन रुपयांत चकचकीत कागदाचे पुस्तक मिळे. अशा एका पुस्तकात वोल्खोव नदीकाठच्या नोवगोरोदचे चित्र होते. लाल विटांचा तट आणि आत सेंट सोफियाचे पांढरे देऊळ. ते १०४५ ते १०५० या काळात बांधले. आजचा विटांचा तट त्याच्या कितीतरी नंतरचा. तरी तिथले लोक गावाची ओळख तटाने नव्हे, सोफियाने सांगत आले. सेंट पीटर्सबर्गला याच्या उलट. नेवा नदीतल्या बेटावर पीटर बादशहाने १७०३ मध्ये किल्ला घातला, मग त्यात १७१२ पासून कॅथेड्रल बांधले आणि पुढे त्यातच बादशहांची दफने झाली. तिथे देऊळ खरोखरच किल्ल्यातले आहे.

दोन्हीकडे नदी, तट आणि देऊळ. पण क्रम वेगळा, म्हणून अर्थ वेगळा. आणि दोन्हीकडे देऊळ बांधणारे व तट घालणारे एकाच धर्माचे, त्यामुळे एकाच कथेत ते सहज बसतात. पेडगावचे तसे नाही. देऊळ यादवकाळाचे, तट मोगलांचा, छापा मराठ्यांचा, दुःख छत्रपतींचे, म्हण सगळ्यांची. हे एका कथेत बसत नाही, म्हणून आपण एकेक तुकडा उचलून बाकीचे टाकून दिले. त्याचा तोटा इतिहासाला तर झालाच, देवळालाही झाला. ज्या वास्तूची गोष्ट कोणी सांगत नाही, तिच्या भोवतीची वेडी बाभूळ काढायलाही कोणी येत नाही.

यंदाच्या जानेवारीत सहल घेऊन गेलो तेव्हा मी क्रम बदलला. वेशीतून आत गेल्यावर भैरवनाथाला नमस्कार करून मुलांना थेट नदीकडे नेले. आधी भीमा दाखवली. मग लक्ष्मी-नारायणाचे देऊळ. प्रत्येकाला भिंतीवरचा एक कोन निवडून ऊन कुठे पडते ते वहीत काढायला सांगितले. मग हत्तीमोट, आणि दोनशे घोड्यांच्या पाण्याचे गणित. ते मुलांनी माझ्याआधी सोडवले. मग १६७४. शेवटी १६८९, आणि तिथे थोडा वेळ गप्प बसलो. या क्रमाने गेल्यावर बहादूरखानाने देऊळ कशाला बांधले, असे कोणी विचारले नाही.

पेडगावचा तो शेतकरी मोटार न्यायला आला तेव्हा त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "आमच्या आजीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. देव आधीचा, गढी नंतरची." मग पैसे देताना त्याने कबूल केले, की मोटार कोरडीच फिरवली होती.